ठोकळ्या, बाळ आणि दुपारचे तीन

हसायचं नाही, आधीच सांगते. मी अकरा वर्षांची आहे आणि मी आत्या आहे. निनाददादा माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा, त्याला मुलगा झाला, म्हणून मी आत्या. रविवारी बारसं होतं आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा! मी तर ठोकळ्यालाही बजावलं होतं, की यापुढे मला 'शाल्मली' नाही, 'आत्याबाई' म्हणायचं.

ठोकळ्या म्हणजे आमचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). आता, २०५४ साली, आमच्या कराडात घरोघरी असे आहेत, पण ठोकळ्यासारखा एकही नाही. मला सायकल त्यानंच शिकवली. पहिल्यांदा आपटले तेव्हा तो म्हणाला, "छान पडलात." धीर कसा द्यायचा ते बिचाऱ्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तर कोडं असं. सोमवारपासून बाळ रोज दुपारी बरोब्बर तीनला भोकाड पसरायचं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही. आणि साडेतीनला आपोआप गप्प!

मंदारकाकांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावानं, निकाल लावून टाकला. "लहरी! सोमवारपासूनच हा ठोकळ्या बाळाच्या खाटेला खेटून चार्जिंगला बसतो. त्याच्यातून लहरी निघतात. मी व्हिडिओ पाहिलाय." ठोकळ्या खाटेजवळ बसलेला बघून काकांनी सोमवारी सकाळीच एक चकचकीत 'तरंगरोधक तबकडी' आणून खाटेच्या दांडीला टांगली होती. तरी रडणं थांबेना, म्हणून त्यांनी फर्मान काढलं, रविवारी सकाळी ठोकळ्या दुकानात परत.

मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. "लहरींमुळेच रडतो, हे कशावरून?"

"आणि लहरींमुळेच असलं तर? बाळाला काही झालं तर?" काका म्हणाले.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," बाबा म्हणाले, आणि नेमके माझ्याकडे बघून हसले. वहिनी मात्र हसली नाही. ती बाळाला घट्ट धरून ठोकळ्याकडे बघत होती. तिची भीती खरी होती, त्यामुळे मला तिच्यावर रागावताही येईना.

"मी स्वतःला मोजून देतो," ठोकळ्या म्हणाला.

"वा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" काका कडाडले.

मग मी गुरुवारी शाळेच्या प्रयोगशाळेतून क्षेत्रमापक आणला. गिते मॅडमनी सही घेऊन दिला. तळहाताएवढी डबी, तिच्यावर आकडा उमटतो.

"आत्याबाई, तारेतून वीज वाहते तेव्हा तारेभोवती एक अदृश्य प्रभाव तयार होतो," ठोकळ्यानं समजावलं. "त्याला विद्युतचुंबकीय क्षेत्र म्हणतात. तुमची डबी त्यातला चुंबकीय भाग मोजते, मायक्रोटेस्लामध्ये (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एक लहानसं एकक). घरातल्या विजेच्या क्षेत्रासाठी तज्ज्ञांनी सामान्य माणसांकरता दोनशेची मर्यादा सांगितली आहे."

मी डबी चार्जिंग चालू असलेल्या ठोकळ्याच्या पोटाला टेकवली. बावीस!

"बघा!" काका उडालेच.

"अरे, काहीतरी बोल ना," मी ठोकळ्याच्या कानाशी कुजबुजले. "डबी बिघडलीय म्हण!"

"डबी ठीक आहे, आत्याबाई. बावीसच आहे. आता जरा मागे सरका."

अस्सा राग आला मला त्याचा! स्वतःची पाठवणी होतेय आणि हा हरिश्चंद्र होऊन बसलाय. पण सरकले मागे. एक वीत अंतरावर आकडा तीन झाला. हातभर अंतरावर शून्य पूर्णांक दोन. चार पावलांवर शून्य पूर्णांक शून्य पाच, आणि तेवढा तर घरात कुठंही येत होता, अगदी देवघरातही.

"उदबत्तीसारखं," आई म्हणाली. "नाकाशी धरली तर ठसका, दाराशी गेलं की पत्ताच नाही."

मग मला चेवच चढला. मिक्सर चाळीस, फ्रिज एक, पंख्याखाली जवळपास काहीच नाही. आणि घरातला सगळ्यात मोठा आकडा कुठं मिळाला माहितीये? काकांच्या दाढीच्या यंत्राला. ऐंशी!

काकांचा हात आपोआप गालावर गेला. "अरे बापरे! रोज लावतो की मी हे!"

"घाबरू नका, काका. तेही मर्यादेच्या आतच आहे," ठोकळ्या म्हणाला. "शिवाय क्ष-किरणांत अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ताकद असते. त्याला आयनीकरण म्हणतात, आणि त्यानं शरीरातल्या पेशींना इजा होऊ शकते. घरातल्या विजेच्या क्षेत्रात ती ताकद नाही."

"म्हणजे अगदी शंभर टक्के सुरक्षित?" वहिनीनं विचारलं.

मी मनात म्हटलं, हो म्हण रे बाबा, एकदाचं हो म्हण.

"शंभर टक्के असं विज्ञान सहसा म्हणत नाही, वहिनी. ज्या घरांत वर्षानुवर्षं हे क्षेत्र नेहमीपेक्षा जास्त होतं, तिथल्या मुलांत काही पाहण्यांमध्ये रक्ताचा एक दुर्मीळ आजार किंचित जास्त दिसला होता. तो क्षेत्रामुळेच झाला, हे सिद्ध झालेलं नाही. पण मी चार पावलं लांब बसलो तर ती शंकाही उरत नाही, आणि लांब बसायला काहीच लागत नाही."

वहिनीनं मान डोलावली. गंमत म्हणजे त्याच्या सरळ 'हो'पेक्षा हे उत्तर तिला जास्त पटलं असावं.

काका काही हटेनात. "मग बाळ रडतंय का? आणि माझी तबकडी?"

मी बाळाच्या उशाशी डबी धरली, तबकडी लावून आणि काढून. आकडा ढिम्म हलला नाही. तबकडी पुन्हा जागच्या जागी टांगली आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की सोमवारी दोन गोष्टी बदलल्या होत्या. ठोकळ्या खाटेजवळ आला, आणि तबकडीही आली! आपण दोष मात्र एकालाच दिला.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," मी जाहीर केलं. शुक्रवारी दुपारी ठोकळ्याला गच्चीवर धाडलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. सगळे खाटेभोवती श्वास रोखून उभे. घड्याळात तीन वाजले. बाळानं टॅहँ करून सूर लावला.

"ठोकळ्या नाही तर मग काय?" काका पुटपुटले.

मी बाळाच्या उशीवर त्याच्या डोक्याशेजारी डोकं टेकलं आणि वर पाहिलं. आई गं! डोळेच दिपले. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन काकांच्या चकचकीत तबकडीवर पडून थेट आमच्या डोळ्यांत घुसत होतं. अर्ध्या तासानं ऊन सरकायचं, म्हणून साडेतीनला बाळ गप्प!

मी तबकडी काढली. बाळ दोनदा हुंदकलं, अंगठा शोधला आणि चोखत पडलं.

काकांनी तबकडी हातात घेऊन डोळ्यांसमोर धरली. मग एवढे मोठ्यांदा हसले, की बाळ पुन्हा रडायच्या बेतात आलं. "म्हणजे पाच दिवस मीच छळलं की लेकराला!" ते स्वतः जिना चढून गच्चीवर गेले आणि ठोकळ्याला हाताला धरून खाली घेऊन आले. तबकडी आता गॅलरीत टांगली आहे. कबुतरं फिरकत नाहीत, तेव्हा पैसे अगदीच वाया गेले नाहीत.

ठोकळ्याची चार्जिंगची जागा घरातल्या बोळात हलवली. आणि मी माझ्या वहीत लिहून ठेवलं, 'त्या आजाराबद्दलची उरलेली शंका कोण सोडवणार?' कुणी नाही सोडवली, तर मोठी झाल्यावर मी सोडवेन.

रविवारी मी बाळाच्या कानात 'ओजस' असं नाव सांगितलं आणि कुर्रर्र केलं. रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी आत्याच्या, म्हणजे माझ्या, पाठीत धपाधप धपाटे घातले. आईचा तर चांगलाच सणसणीत होता.

ठोकळ्या दाराशी, बरोब्बर चार पावलांवर उभा होता.

"अरे, लांब काय उभा राहिलास?" मंदारकाका ओरडले. "चार्जिंग चालू आहे का आता? ये की जवळ! घाल आत्याबाईंना एक धपाटा."

"किती जोराचा, काका?"

"मोजून घाल!"

ठोकळ्यानं त्याचा रबरी हात माझ्या पाठीवर ठेवला, अगदी अलगद. "छान आत्या झालात," तो म्हणाला. आईच्या धपाट्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ठोकळ्याच्या धपाट्यानं आलं.