दर दगडाला दोन दाणे

९ नोव्हेंबर २००२. शनिवार.

दौंडच्या एका दवाखान्यात सकाळी बबनरावांना शुद्ध आली. डावा हात गळ्यात बांधलेला होता. समोर स्टुलावर त्यांच्या सासूबाई, आक्काबाई, बसलेल्या होत्या. कपाळाला पट्टी. डोळे कोरडे.

"गौतमी कुठं हाय?" बबनरावांनी विचारलं.

आक्काबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "गेली आपली पोरगी."

बबनरावांच्या तोंडून पुढचा शब्द काय निघाला असेल? त्यांनी विचारलं, "कुठं झालं?"

"कासुर्डीजवळ."

कासुर्डी...

त्या एका नावापाशी बबनराव अडकले, ते आजतागायत.

ही गोष्ट रचलेली नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी. बबनरावांना मी इतक्या जवळून ओळखतो की आज त्यांच्या घरी चूल पेटली की नाही, हे मला विचारावं लागत नाही.

बबनराव शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचे. रांजणगावला एका कंपनीत कामाला. दिवाळीला कंपनी पाच दिवस बंद होती, म्हणून घरच्यांनी सोलापूर-विजापूर करायचं ठरवलं. चौघं जण होते. बबनराव, त्यांची बायको गौतमी, आक्काबाई आणि गौतमीचा धाकटा भाऊ सम्राट. जीप सम्राटची. एरवी तो प्रवासी भरून दौंड-शिरूर वडाप करायचा.

लांबच्या प्रवासात गौतमीचा एक नियम होता. ती कायम पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसायची. मांडीवर फडक्याची पुरचुंडी. आत मीठ-हळद लावून भाजलेले शेंगदाणे. रस्त्यावर किलोमीटरचा दगड आला की सम्राटनं डावा तळहात पुढं करायचा. गौतमीनं त्यावर दोन दाणे ठेवायचे. दोनच. तिसरा नाही.

दगड गेला आणि हात पुढं आला नाही, तर समजायचं की गड्याचा डोळा लागतोय. मग गाडी बाजूला. तोंडावर पाणी, चहा, पंधरा मिनिटं झाडाखाली.

सम्राट चिडवायचा. "ताई, मी काय पोपट हाय व्हय गं?"

"पोपट बरा. त्यो डोळं उघडं ठेवून खातो," गौतमी म्हणायची.

चार वर्षं असे प्रवास झाले. कधी खरचटलंसुद्धा नाही.

त्या शुक्रवारी परत येताना दुपारी भिगवणला जेवण झालं. ताजी मासळी होती, बबनराव जरा जास्तच जेवले. निघताना म्हणाले, "मागं मला मळमळतंय. मी पुढं बसतो."

गौतमी लगेच उठली नाही.

"बसा. पर झोपायचं न्हाई हां," ती म्हणाली. "पुढं झोपनारा मागच्यांनाबी घिऊन झोपतो."

"न्हाई गं बाई. थर्ड शिफ्ट करनारा मानूस मी. मला काय शिकिवतीस?"

तिनं पुरचुंडी सोडली. मूठभर दाणे बबनरावांच्या हातात ओतले. पुन्हा गाठ मारून पुरचुंडी त्यांच्या खिशात घातली. मग मागं जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. चार दिवसांची दमलेली होती. लगेच झोपली.

बबनराव इमानानं दाणे देत राहिले. पाटस मागं पडलं आणि मुठीतले दाणे संपले.

त्यांनी खिशातून पुरचुंडी काढली. गाठ सुटेना. गौतमीची गाठ तिच्याशिवाय कुणाच्यानं सुटायची नाही. ऊन काचेतून तोंडावर येत होतं. वाटलं, पुढच्या दगडाला सोडू. पुरचुंडी पुन्हा खिशात ठेवली.

पुढचा दगड त्यांनी पाहिलाच नाही.

शुद्ध आली ती दवाखान्यात.

निमोण्याला जायचं तर चौफुल्याला उजवीकडं वळायचं. कासुर्डी त्याच्या कितीतरी पुढं, यवतच्याही पुढं. या रस्त्यावर रोज जीप चालवणारा सम्राट चौफुला विसरेल?

कासुर्डीजवळ कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. जीपची मागची डावी बाजू तिच्यावर घासत गेली. तिथंच गौतमीचं डोकं होतं.

सगळं झाल्यावर पाचव्या दिवशी आक्काबाईंनी बबनरावांना विचारलं, "जावईबापू, तुमी पुढं व्हता. खरं सांगा. सम्राटचा डोळा लागला व्हता का?"

बबनराव खाली बघत म्हणाले, "व्हय."

त्या दिवसापासून आक्काबाई पोटच्या पोराशी बोलल्या नाहीत. त्याचं ताट वाढायचं आणि आत निघून जायचं.

जानेवारीत सम्राट निमोण्याला आला. नेहमीसारखा 'जय भीम, दाजी' म्हणाला नाही. बसलाही नाही. उंबऱ्यातूनच बोलला.

"दाजी, मी झोपलो व्हतो?"

"मग कासुर्डीला कसा गेलास? चौफुल्याला वळायचं सोडून?"

"त्ये मला उमजत न्हाई. चौफुला कवा गेलं कळलंच न्हाई. पर मी झोपलो न्हवतो. दर दगडाला हात पुढं करत व्हतो. दाणं पडत व्हते. मी खात व्हतो."

बबनरावांचा हात खिशाकडं गेला.

दाणे तर पाटसलाच संपले होते...

"कासुर्डीच्या दगडाला हात केला," सम्राट म्हणाला, "आन् हात रिकामाच ऱ्हायला. म्हनून डावीकडं बघितलं. तुमची मान पडल्याली. पुन्हा समोर बघतोय तर ट्रॉली."

"मान धडकेनं पडली आसंल."

सम्राट उंबऱ्यावरूनच मागं वळला.

तो गेल्यावर बबनरावांनी पेटी उघडली. दवाखान्यातून मिळालेल्या कपड्यांत ती पुरचुंडी होती. गौतमीची गाठ जशीच्या तशी. दाबून बघितली. आत दाणे भरलेले. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

बबनरावांना वाटलं, पोरगं चलाख आहे. आपण झोपलो होतो हे आपल्याच तोंडून काढून घ्यायला ही दाण्यांची गोष्ट रचलीय. त्यांनी पेटीला कुलूप लावलं.

पण संशय कुलपात राहत नाही.

फेब्रुवारीत ते स्वतःच सम्राटकडं गेले. म्हणाले, "चल. भिगवणपासून त्याच रस्त्यानं जाऊ. त्याच टायमाला. मला बघायचंय."

सम्राट म्हणाला, "बघा की. पर पुढं बसू नका."

जीप दुरुस्त झाली होती. पुढची डावी सीट रिकामी ठेवली. बबनराव मागं बसले. दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन. रस्त्यावर ट्रक, एसट्या, सगळं नेहमीसारखं.

पाटसपर्यंत काही झालं नाही. दगड येत होते, जात होते. सम्राटचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

पाटस मागं पडलं.

पहिला दगड आला...

सम्राटचा डावा तळहात रिकाम्या सीटकडं गेला. क्षणभर थांबला. मिटला. तोंडाशी आला.

कुडुम... कुडुम...

बबनरावांना स्पष्ट ऐकू आलं.

"काय खातूस रं?"

"काय न्हाई, दाजी."

"थांबव गाडी."

वरवंडजवळ गाडी थांबली. बबनरावांनी त्याचे खिसे तपासले. सीटखाली बघितलं. डिकीत, टपावर, पायाखालच्या चटईखाली. एक दाणा सापडला नाही. सम्राटनं तोंड उघडून दाखवलं. तोंड कोरडं होतं.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"चल."

पुन्हा दगड. पुन्हा हात. कुडुम... कुडुम...

आता बबनरावांना वासही आला. मीठ-हळद लावून भाजलेल्या शेंगदाण्यांचा.

खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली नाही. गौतमी आहे, त्यांना वाटलं. गेली तरी भावाला जागं ठेवतेय. त्या दिवशीही तिनंच ठेवलं असेल. ते हळूच म्हणाले, "गौतमी..."

आणि त्यांच्या मांडीवर काहीतरी जड आलं.

ते खाली बघायला धजले नाहीत. पण वजन कळत होतं. ऊबही कळत होती. माणूस मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपला की पाय असा अवघडतो. श्वाससुद्धा लागत होता... संथ, झोपेतला.

त्या दिवशी याच जागी आक्काबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर असंच डोकं होतं.

म्हणजे गौतमी इथं आहे. मागं. झोपलेली.

मग पुढं कोण आहे?

कुडुम... कुडुम...

चौफुला आला. वळणावरचे गाळे दिसले. बबनरावांना ओरडायचं होतं, वळ, उजवीकडं वळ. आवाज फुटला नाही. आरशात सम्राटचे डोळे दिसले. उघडे होते. पण पापणी हलत नव्हती.

जीप सरळ गेली.

दर दगडाला हात पुढं जात होता. दर दगडाला भरून येत होता. बबनरावांची नजर रिकाम्या सीटवरून हटेना. सीटची गादी दबलेली होती. कुणीतरी बसल्यावर दबते तशी.

जे दाणे देत होतं, ते सम्राटला जागं ठेवत नव्हतं. जागं असल्यासारखं फक्त दाखवत होतं. हात येतोय तोवर गाडी थांबवायची नाही, हा नियम त्या देणाऱ्याला ठाऊक होता.

यवत गेलं.

कासुर्डीचा दगड.

हात पुढं आला...

आणि तसाच राहिला. उघडा. रिकामा.

सम्राटनं करकचून ब्रेक मारला. जीप धुळीत तिरकी उभी राहिली. मागून ट्रक हॉर्न वाजवत, शिव्या देत निघून गेला. बबनरावांच्या मांडीवरचं वजन गेलं होतं.

सम्राट घामानं भिजला होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"चौफुला कवा गेलं, दाजी?"

बबनराव सम्राटच्या डाव्या तळहाताकडं बघत होते. तळहात हळदीनं पिवळा झाला होता.

मग सम्राट हळू आवाजात म्हणाला, "दाजी, मी काय कोर्टात जात न्हाई. आक्काला तेवढं सांगा. तुमी झोपला व्हता. म्हनून मला कळलं न्हाई का दाणं कुनाचं हायत. तुमी जागं आसता तर मी थांबलो आसतो. ती माझ्या हातचं पानीसुदिक पीत न्हाई वो."

"सांगतो," बबनराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. पुरचुंडी हातात घेतली.

गाठ तशीच होती. गौतमीची. कुणी सोडलेली नाही.

पण पुरचुंडी हलकी लागली. दाबली तर आत दाणे नव्हते. नुसती सालं चुरचुरली.

आता ही गोष्ट ऐकून लोक काहीबाही सांगतात. कुणी म्हणतं, ताईच होती. कुणी म्हणतं, कासुर्डीच्या त्या जागी आधीही माणसं गेलीत. कुणी म्हणतं, दाजी, तुम्हाला धसका बसलाय. बबनराव ऐकून घेतात. त्यांचा यातल्या कशावरच विश्वास नाही. स्वतःवरही नाही. पण गाडीत बसले की पुढच्या सीटवर कोण आहे, हे ते आधी वाकून बघतात. आणि सुट्टीला निघालेलं कुणी भेटलं की एवढंच सांगतात, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्यानं झोपू नये. झोप येत असेल तर तोंडानं तसं सांगावं आणि गाडी थांबवावी. त्यात कमीपणा नाही.

सम्राट अजून दौंडला एकटाच जेवतो.

ती गाठ बबनरावांनी अजून सोडलेली नाही.

आणि पुढच्या सीटवर कोण झोपलं होतं, हे त्यांनी आक्काबाईंना अजून सांगितलेलं नाही.