सहावी पिन

बेस गिटार घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो. लाल हवा, काळा हवा, स्टेजवर उठून दिसायला हवा. मी विचारते, किती तास उभं राहून वाजवणार? चार? मग हा साडेचार किलोचा धोंडा खांद्याला टांगून नुसता चार तास उभा राहून दाखव, रंगाचं नंतर बोलू. निम्मे तिथेच गार पडतात. उरलेल्यांना मी भिंतीवरचा जुना, हलका, ओरखडे पडलेला बेस काढून देते. वर सांगते, जे पैसे वाचले त्यात रुंद पट्टा घे, एक धड केबल घे, आणि पट्टा निसटू नये म्हणून नळाच्या सामानाच्या दुकानातून दोन रबरी चकत्या आण. त्यासाठी महागडं लॉक घेणारे मूर्ख असतात. ते लॉकही मीच विकते.

पंधरा वर्षं दुकान चालवतेय. खोली अरुंद आणि लांब, शेजारी शिंपी, मागच्या भिंतीवर सहा हूक आणि सहा बेस. माझं तोंड वाईट आहे असं सगळेच म्हणतात आणि तरीही माझ्याकडेच येतात, कारण किरकोळ दुरुस्ती मी फुकट करून देते. तारेची सैल झालेली चावी, तुटलेली केबल, करकरणारं बटण. काउंटरखाली पक्कड कायम हाताशी असते.

माझा दादा बेस वाजवायचा. मागे उभा राहून दुसरा आवाजही द्यायचा. बँड कॉलरचा. त्याच्या शर्टाची कॉलर कायम उभी, म्हणून सगळे त्याला कॉलर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये कार्यक्रमाआधी आवाज तपासत होते. दादानं तारांवर हात ठेवला, ओठ माईकला लावले आणि जागच्या जागी कोसळला. बेसचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पमधली वीज तारांत उतरली होती. ॲम्प कॉलरचा, स्वस्तातला, चौथ्या हातातून आलेला. मी चारचौघांत त्याला म्हटलं, तू मारलंस माझ्या भावाला. तो काही बोलला नाही. चोराच्या मनात चांदणं, असं मी वहिनीला सांगितलं. पुढे तीन वर्षं भेटेल त्याला तेच सांगत राहिले.

आणि महिन्यापूर्वीच्या एका सोमवारी दादाची मुलगी दुकानात आली. बेस हवाय म्हणाली. शनिवारी पहिला कार्यक्रम आहे. कुणाबरोबर, असं मी विचारलं.

कॉलरबरोबर.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिला मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ती सगळं ऐकून घेत उभी राहिली, बापासारखीच, एक पाय पुढे टाकून. मग म्हणाली, "आत्या, बोलून झालं असेल तर बेस दाखव. नाहीतर दुसऱ्या दुकानात जाते."

दुसऱ्या दुकानात म्हणे! तिथे हिच्या गळ्यात चकचकीत लाकूड मारलं असतं. मी मुकाट्याने तिसऱ्या हुकावरचा बेस काढला. मान बारीक, वजन कमी, आवाज भरीव. तिच्या बोटांना बरोबर बसला. पट्टा दिला, केबल दिली, चकत्यांचं सांगितलं. शेवटी बेसच्या डोक्याला अडकवायचा छोटा ट्यूनर दिला. तो लाकडाची थरथर ओळखतो आणि कुठला सूर आहे ते काट्याने दाखवतो. तारा छेडल्या नाहीत तर काटा खाली पडून असतो.

तिने ट्यूनर अडकवला. बेस काउंटरवर आडवा होता, कुणाचा हात लागलेला नव्हता. काटा उठला आणि एका जागी थांबला. ‘जी’ या सुराच्या किंचित वर.

सेल खराब असेल, असं मी म्हटलं. सेल बदलला. काटा तिथेच. दुसरा ट्यूनर लावला. काटा तिथेच.

"राहू दे आत्या, तू तारा-बिरा नीट बसवून ठेव, शनिवारी घेईन," ती म्हणाली. "एक्स्टेन्शन बोर्ड नको मला. बाबांचा आहे ना घरी, तेवढा खर्च वाचला."

मी म्हटलं, नवा घे. मी देते, पैसे नकोत. ती म्हणाली, बाबांचाच न्यायचाय. मी म्हटलं, तो जुना झालाय, टाक उकिरड्यावर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, का?

का, ते मला माहीत होतं.  उलट तिच्यावरच ओरडले, की शहाण्याला शब्दाचा मार, तुला कळत नसेल तर कर काय करायचं ते. ती दार आपटून गेली.

संध्याकाळी मी बाकीच्या पाचही बेसना एकेक करून ट्यूनर लावला. सगळीकडे काटा ‘जी’च्या किंचित वर.

हा सूर मला झोपेतही ओळखू येतो. ॲम्पमधून जी बारीक गुणगुण येते ना, ती याच सुरात असते. ती विजेची गुणगुण, सेकंदाला पन्नास हेलकावे. पण ती ॲम्पमधून येते. भिंतीवर टांगलेल्या, कशालाही न जोडलेल्या लाकडातून येत नाही.

मी भुताखेतांतली नाही. मंगळवारी शिंप्याला मशीन बंद करायला लावलं. बुधवारी दुकानाचा मेन स्विच पाडला. पंखा थांबला, दिवा गेला, काटा हलला नाही. शिंप्याला सांगून त्याचाही मेन पाडला. तो दारात येऊन म्हणाला, "बाई, बरं आहे ना तुमचं?" मी त्याला म्हटलं, तुमच्या बाह्या लांब-आखूड होतात त्या आधी बघा. गुरुवारी तिसऱ्या हुकावरच्या बेसच्या चारही तारा उतरवल्या. नुसतं लाकूड राहिलं. त्याला कान लावला.

आत गुणगुण होती. बारीक, संथ, न थांबणारी. तळहाताला मुंग्या आल्या.

मला भीती वाटली नाही. राग आला. दादाचाच आला. एवढं काही सांगायचं होतं तर जिवंतपणी सांगायचं होतं. त्या दुपारी नको म्हणायचं होतं.

आता ती दुपार सांगते.

तीन वर्षांपूर्वी दादा दुकानात आला तो वैतागलेला. कॉलरचा ॲम्प गुणगुणत होता. तसं झालं की ॲम्प उघडून दोष शोधायचा असतो. पण संध्याकाळी कार्यक्रम असला की कुणाला वेळ नसतो, म्हणून आमच्या धंद्यात एक सोपी युक्ती आहे. बोर्डाच्या प्लगमधली वरची जाड पितळी पिन काढून टाकायची. ती अर्थिंगची पिन. ती गेली की बहुतेक वेळा गुणगुणही जाते. आणि नंतर ॲम्पमधली वीज बाहेर उतरली तर तिला जमिनीत जायची वाटही राहत नाही. ती तारांतून माणसात जाते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच करतात. मी पक्कड घेतली, पाच मिनिटांत पिन काढली. दादा खूश झाला, जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

ॲम्प कॉलरचा खराब होता, खोटं नाही. पण पिन असती तर फ्यूज उडाला असता, आणि तेवढंच.

काढलेल्या पिना मी एका पत्र्याच्या डबीत टाकायची. फेकवत नाही मला काही. गुरुवारी डबी उघडली.

आत सहा पिना होत्या. भिंतीवर सहा बेस होते.

शुक्रवारी मी दुकान उघडून नुसती बसले. वहिनीला फोन करायला तीनदा हात पुढे केला. बोर्ड इकडे पाठवून दे, एवढंच म्हणायचं होतं. पण ती ‘का’ विचारणार. सगळे ‘का’ विचारतात मेले.

शनिवारी दुपारपर्यंत वाट पाहिली. मुलगी बेस न्यायला आली नाही. फोन उचलला नाही. तीन वाजता मी तारा चढवलेला बेस पाठीवर टाकला, डबी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि हॉलवर गेले.

मुलगी स्टेजवर होती. कुणाचा तरी उसना, अवजड बेस गळ्यात. पायाशी दादाचा बोर्ड. त्याची वायर भिंतीकडे जात होती.

मी धावत जाऊन प्लग उपटला.

कॉलर पुढे आला. मला पाहताच सवयीने दोन पावलं मागे सरकला. त्याला पाहून माझ्या तोंडात तेच आलं, जे तीन वर्षं येत होतं. आधी बापाला मारलंस, आता हिला मारतोस? मी प्लग त्याच्या नाकासमोर धरला. दोन पिना आणि वर एक रिकामं भोक.

त्याने भोकाकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला. बोर्ड कुठून आला, असं त्याने मुलीला विचारलं. घरून, असं ती म्हणाली.

मग तो माझ्याकडे वळला. अगदी हळू बोलला.

"ताई, त्या दिवशी दादा तुमच्याकडूनच आला होता. म्हणाला, बाईसाहेबांनी पाच मिनिटांत गुणगुण घालवली."

"मग तीन वर्षं तोंड शिवलं होतं तुझं?"

"काय बोलणार? तुमचा भाऊ गेला होता."

त्याच्या त्या भलेपणाचा मला इतका संताप आला की पक्कड फेकून मारावीशी वाटली. तीन वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली आणि हा कॉलर ताठ करून गप्प बसला होता.

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"मी काढली पिन," मी म्हटलं. "कॉलरने नाही. मी."

तिने माझ्या हातातल्या प्लगकडे पाहिलं.

मी खाली बसले. प्लग उघडला. डबीतली एक पिन घेतली. कुठली दादाची ते कळायला मार्ग नव्हता, सगळ्या सारख्याच. पिन बसवली, अर्थिंगची वायर तिच्याखाली घातली, स्क्रू आवळला. मी आणलेला बेस शेजारी खुर्चीला टेकून उभा होता, डोक्याला ट्यूनर तसाच. काटा ‘जी’च्या वर.

शेवटचा आटा बसला आणि काटा खाली पडला.

मुलीनेही तो पाहिला.

तिने गळ्यातला बेस उतरवला आणि माझा उचलला. पट्टा लावून वर खिशातल्या रबरी चकत्या बसवल्या. घेतल्या होत्या तिने. "तू जा आता," एवढंच म्हणाली. मी गेले. रस्त्यावर तिचा पहिला सूर ऐकू आला, भरीव, स्वच्छ. वहिनीला तिने त्याच रात्री सांगितलं. तेव्हापासून दोघीही माझा फोन उचलत नाहीत. न उचलू देत. मुलगी जिवंत आहे.

दुकानात पाच बेस गुणगुणत होते. डबीत पाच पिना.

पुढचे आठ दिवस मी ज्यांना ज्यांना ही युक्ती करून दिली होती त्यांना आठवत राहिले. एकेकाला फोन करून शिव्या घालून बोलावलं. चौघे सापडले. एक म्हणाला, आता कशाला, छान चाललंय. त्याच्या घरी जाऊन मी प्लग हिसकावला. पिनेगणिक भिंतीवरचा एक बेस गप्प झाला.

सहावा माणूस मात्र सापडेना. हसरा होता, डावखुरा. डावखुऱ्यांचा बेस नाही म्हटल्यावर तो म्हणाला होता, निदान गुणगुण तरी घालवून द्या. फुकटचं काम, नाव कोण विचारतं? नंतर प्रत्येक वाजवणाऱ्याला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला, पिन बसवून मिळेल, पैसे नाहीत. तीन आठवडे शेवटच्या हुकावरच्या बेसला ट्यूनर अडकवून मी त्याच्या समोर बसून राहिले आणि त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत राहिले. ये मेल्या, ये एकदाचा.

काल संध्याकाळी साडेपाचला, कार्यक्रमाआधी आवाज तपासायच्या वेळेला, काटा खाली पडला.

दुकानात मी एकटीच होते. दिवसभर कुणी आलं नव्हतं. मी उठून बेसला कान लावला. आत काही नव्हतं.

दुसऱ्या कुणीतरी बसवून दिली असेल, असं मी मोठ्याने म्हटलं. डबी उघडली. पिन आतच होती. उचलली, तर हाताला गरम लागली.