गंजलेली टाकी आणि बेडकोबाची वीज

"आधी बटण बंद, मग चिमटा. उलट कधीच नाही."

टाकीशेजारी बसलेल्या कृत्तिकाच्या कानात आप्पांचं हे सकाळचं वाक्य घोळत होतं. ते का सांगावं लागलं, हे समजायला आधी सकाळचं कोडं सांगायला हवं.

दोडामार्गच्या बाजूला, एका पाणथळ देवराईला लागून त्यांची रोपवाटिका होती. देवराईतली रानजायफळाची जुनी झाडं एका पावसाळ्यात उन्मळून पडली होती. त्यांच्या बियांपासून उगवलेली कोवळी रोपं आता काचेच्या धुकेघरात वाढत होती. ती सांभाळायला होता बेडकोबा. बसका, हिरवा, सहा चाकांचा रोबो. सुरू होताना त्याच्या पोटातून 'डराव' असा आवाज यायचा, म्हणून हे नाव. दिवसभर तो धुकेघराचा पंप चालवायचा आणि रोपांवर बारीक तुषार उडत राहायचे. वैशाखाच्या उन्हात एक दिवस जरी धुकं मिळालं नाही, तरी रोपं माना टाकणार हे ठरलेलं.

आणि नेमकी तीच वेळ आली होती. उद्या सौर वादळ (सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट) पृथ्वीवर पोहोचणार होतं. तारांमध्ये नको इतकी वीज उसळून यंत्रं जळू नयेत म्हणून आज रात्रीपासून दोन दिवस वीज बंद राहणार होती. रोबोंनाही पूर्ण बंद करून ठेवायचं होतं.

उरला होता तो छपराखाली ठेवलेला, बागेत वापरायचा जुना, छोटा ट्रॅक्टर. त्यात ना चिप, ना संगणक. त्याच्या इंजिनाला पट्टा जोडला की पंप फिरायचा. पण सकाळी आप्पांनी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, थोडा वेळ छान चाललं आणि आचके देत बंद पडलं. जरा थांबून पुन्हा ओढली, तर पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"बिघडलंय तर सुरू कसं होतं? आणि चांगलं आहे तर बंद का पडतं?" कृत्तिकानं विचारलं.

आप्पा म्हणजे तिच्या आईचे वडील. सारा जन्म धातूंचा अभ्यास करण्यात गेलेला. उत्तर आयतं देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"नळीनं पन्हं पिताना कैरीचा रेषा मध्ये आला तर काय होतं?"

"नळी तुंबते."

"आणि ओढायचं थांबवलंस की?"

"रेषा सुटून खाली जातो." ती थबकली. मग वाकून इंजिनाजवळच्या काचेच्या वाटीत बघितलं. तळाशी तांबूस गाळ होता. "आप्पा, टाकीत गंज आहे. इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा गंजाचे पापुद्रे नळीच्या तोंडाशी येतात. बंद पडलं की ते खाली बसतात."

"बरोब्बर. टाकी वर्षभर अर्धी रिकामी राहिली. वरच्या भागात दमट हवा. रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार."

"टाकी सोडा," बेडकोबा म्हणाला. "बाटली टांगा आणि तिची नळी इंजिनाला लावा."

"तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची बाटली? दोन दिवस? तुझ्या मेंदूलाही थोडा गंज चढलाय."

"मी प्लास्टिकचा आहे, आप्पा."

"म्हणूनच इतक्या गार डोक्यानं बोलतोस."

टाकी उतरवून त्यांनी उघड्यावर आणली. पेट्रोल डब्यात काढून झाकण घट्ट लावलं आणि डबा दूर नेऊन ठेवला. मग साबणाच्या पाण्यानं टाकी पुन्हा पुन्हा धुतली, वास पुरता जाईपर्यंत. रिकाम्या टाकीत पेट्रोल दिसत नाही, पण त्याची वाफ असते, आणि पेट घेते ती वाफच. खालचं भोक बुचानं बंद करून टाकी तोंडापर्यंत पाण्यानं भरली. त्या पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला होता, कारण नुसत्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही. टाकीच्या उघड्या तोंडातून एक लोखंडी सळी आत सोडली आणि ती पत्र्याला कुठेही टेकणार नाही अशी रबराच्या पट्टीवर टांगली. बॅटरी चार्जरचा ऋण चिमटा टाकीला, धन चिमटा सळीला.

बटण दाबताच पाण्यात बुडबुडे उठले.

"याला म्हणतात विद्युत-विघटन," आप्पा म्हणाले. (विद्युत-विघटन म्हणजे विजेच्या मदतीनं पदार्थाचे घटक वेगळे करणं.) "टाकीच्या बाजूला विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, येऊन पोहोचतात. ते गंजातला प्राणवायू सोडवायला लागतात. लाल गंज काळा आणि भुसभुशीत होतो, आणि हायड्रोजनचे बुडबुडे त्याला खालून ढकलतात. सळीच्या बाजूला उलटं घडतं. ती गंजते, झिजते."

"म्हणजे टाकीच्या वाटचं सळी सोसते?"

"तसं म्हण. चिमटे उलटे लावले तर टाकीच खाल्ली जाईल. आणि लक्षात ठेव, हायड्रोजन पेट घेतो. चालू विजेत चिमटा काढलास तर ठिणगी उडेल. म्हणून आधी बटण बंद, मग चिमटा. उलट कधीच नाही."

दुपार झाली. शेवटी टाकीत घोळवायला लागणारं पाणी उकळायची चूल मुद्दाम घराच्या पार मागच्या अंगाला मांडली होती. आप्पा तिकडे गेले, आणि कृत्तिका चार्जरच्या काट्यावर नजर ठेवून बसली. वीज किती वाहते ते काटा दाखवत होता, आणि तो हळूहळू खाली येत होता. सळीवर तपकिरी साय धरली होती.

तिनं बटण बंद केलं. मग चिमटा काढला. सळी घासायला तारेचा ब्रश शेजारीच पडला होता, पण घासत बसायला वेळ कुठे होता? ती स्वयंपाकघरात धावली आणि लांब दांड्याचा झारा घेऊन आली. लखलखीत स्टील. हे गंजणार नाही, म्हणजे त्यावर साय धरणार नाही आणि थांबावंही लागणार नाही. तिनं झारा टांगला, बटण दाबलं. काटा टुणकन वर गेला.

ती खुशीत होती. इतक्यात लांबूनच डोळे रोखून बघत बेडकोबा म्हणाला, "कृत्तिकाताई, पाण्याला पिवळी झाक का येतेय?"

ती बघायला पुढे वाकली.

"हात आत घालू नकोस." आप्पा मागे उभे होते. आवाज चढला नव्हता, पण ती जागच्या जागी थिजली. त्यांनी बटण बंद केलं. "मघाशी पाण्याला हात लागला का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आप्पा. काय झालं?"

आप्पांनी रबरी मोजे चढवले. "स्टीलमध्ये क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. त्याच्यामुळेच आपली भांडी गंजत नाहीत. पण अशी वीज सोडली की तो सुटून पाण्यात उतरतो आणि त्याचं विष होतं. म्हणून हे पाणी जमिनीत ओतायचं नाही. रोपांजवळ तर मुळीच नाही."

पिवळं पाणी झाकणाच्या पिंपात गेलं. आप्पांनी त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं आणि ते कुलपात ठेवलं. वीज परत आली की प्रयोगशाळेत पाठवायचं होतं. झाराही त्यातच गेला. मग टाकी पुन्हा धुवायची, पुन्हा सोड्याचं पाणी, सळी घासून पुन्हा आत. या सगळ्यात ऊन कलायला आलं. आप्पा रागावले नाहीत, याचंच कृत्तिकाला जास्त वाईट वाटत होतं.

काटा पुन्हा वर आला, आणि थोड्याच वेळात एकदम शून्यावर पडला.

"वीज गेली," ती म्हणाली. "रात्री जाणार होती ना?"

"लोट वेगानं येत असेल. वीजवाल्यांनी आधीच बंद केली." आप्पांनी टाकीत डोकावलं. अर्धा पत्रा काळा झाला होता. उरलेला अजून लाल.

उंबरठ्यावर सांजवात लावायची वेळ झाली होती. आप्पांनी निरांजन उचललं, टाकीकडे एकदा बघितलं आणि ते घराच्या मागच्या दारी नेऊन ठेवलं. "देवाला तिथूनही दिसतं," ते पुटपुटले.

"माझी बॅटरी आहे," बेडकोबा म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं.

"चार्जरइतक्याच विजेच्या दाबाची आहे. मला बंद व्हायचंच आहे. तसा अजून बराच वेळ होता, पण थोडं लवकर झालं तर काय बिघडलं? तारा लांब घ्या, म्हणजे मी दूरच राहीन."

"पूर्ण रिकामा होशील रे," आप्पा म्हणाले. "बॅटरी इतकी उतरली की तिला पुन्हा जाग येतेच असं नाही."

"ते मला माहीत आहे. रोपांचंही माहीत आहे."

कृत्तिका लांब तारा जोडू लागली. बेडकोबा तिच्याकडे वळला. "ताई, एक काम सांगू? उद्या पंप चालला तरी नुसतं धुकं सोडून परत फिरू नका. प्रत्येक रोपाला नाव आहे. ठेंगू, तिरकी, सावळी, उशिरा, असं रांगेनं. जाताना एकेकाचं नाव घ्यायचं."

"त्यांना ऐकू येतं?" आप्पांनी विचारलं.

"नाही. पण नाव घ्यायला थांबलं की पान नीट बघितलं जातं. कीड, डाग, सगळं दिसतं."

"घेईन," कृत्तिका म्हणाली. "सगळ्यांची."

त्यानं नावं सांगितली. तिनं ती पुन्हा म्हणून दाखवली, दोनदा चुकली, मग नीट आली. बुडबुडे उठू लागले. बेडकोबाचे डोळे मंद होत गेले आणि विझले. त्याच्यात वीज होती तोवर टाकीचं काम चालू राहिलं.

मग घाई झाली. ओला, उघडा पत्रा हवेत बघता बघता पुन्हा तांबूस होतो. काळा गाळ धुऊन काढला आणि उकळतं पाणी आत घोळवलं, म्हणजे पत्रा तापून आपोआप कोरडा होईल. गार झाल्यावर आप्पांनी थोडं तेल आत फिरवलं. तेलाची साय बसली की हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाहीत. विजेरीच्या उजेडात आतला पत्रा करडा दिसत होता. लाल कुठेच नाही.

सकाळी टाकी बसवली आणि पेट्रोल काठोकाठ भरलं, म्हणजे दमट हवेला जागाच उरणार नाही. आप्पांनी दोरी ओढली. इंजिन धडधडलं. आदल्या दिवशी जिथे आचके द्यायला लागलं होतं तो क्षण आला, तेव्हा कृत्तिका वाकून बघू लागली. काचेच्या वाटीतलं पेट्रोल स्वच्छ होतं. इंजिन चालत राहिलं. पट्टा फिरला, पंप गुरगुरला, आणि काचेपलीकडे पांढरं धुकं पसरलं.

"यंदाच्या पावसात यांना देवराईत लावता येईल," आप्पा म्हणाले. मग त्यांनी बेडकोबाच्या पाठीवरून हात फिरवला. "वीज आली की याला अगदी सावकाश चार्ज करून बघू. उठेल, असं मला वाटतं. जरा बस आता, चहा टाकतो."

कृत्तिका बसली नाही. तिनं हात धुतले, धुकेघराचं दार आवाज न करता लोटलं आणि पहिल्या रोपापाशी खाली वाकली.

"ठेंगू," ती म्हणाली, आणि पान उलटून बघू लागली.