फाईलला नाव द्या

जवळ सरका, पण मध्ये बोलू नका. माझी गोष्ट सावकाश चालते, तिला घाई सोसत नाही. हे माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलं. एकवीस तारीख, बुधवारची रात्र.

काम तसं साधं. एका घरी जायचं, चालू असलेल्या संगणकावर एक फाईल सेव्ह करायची, पेन ड्राइव्ह खिशात टाकायचा आणि परत यायचं.

भाचा प्रोग्रॅम लिहितो. तो आणि त्याचा भागीदार, ज्याला तो दादा म्हणायचा, दोघांनी सहा महिने खपून अंधशाळेसाठी एक प्रोग्रॅम केला होता. पडद्यावर जे उमटेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा. शेवटचा भाग दादाकडे होता. आणि दादा महा संशयी. पूर्वी कुणीतरी त्याचं काम ढापलं होतं, तेव्हापासून नवी फाईल तो सेव्हच करत नसे. काम पुरं होईपर्यंत नुसती उघडी ठेवायची.

"दादा, दर पाच मिनिटांनी सेव्ह कर रे," भाचा म्हणायचा. "वीज काय पाहुणी आहे, सांगून जायला?"

"सेव्ह केलं की चोराला सापडतं. आणि तू माझ्या मशीनला हात लावायचा नाहीस. कळलं?"

मग दादाच गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, काम करता करता. फाईल उघडीच राहिली.

भाचा तेव्हा परगावी, तापाने आडवा. दादाच्या बायकोला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मशीन बंद झालं तर नवऱ्याचं शेवटचं काम जाईल, एवढं तिला ठाऊक होतं. नऊ दिवस तिने ते बंद पडू दिलं नाही. जाता-येता माऊस हलवायची. गुरुवारी सकाळी दहाला प्रोग्रॅम शाळेत द्यायचा होता. नाही दिला तर शाळा दुसरा माणूस बघणार. सहा महिने पाण्यात.

बस रखडली. भाचा दारात पोचला तेव्हा बाराला दहा कमी होते.

"भाऊजी, आधीच सांगते," वहिनी हळूच म्हणाली. "तुम्हाला बरं नव्हतं म्हणून संगणकवाल्या दोघांना बोलावून बघितलं. दोघंही वर गेले आणि चपला इथेच टाकून पळाले."

"वहिनी, घाबरटांना कशाला बोलावता? एका मिनिटाचं काम आहे."

वरची खोली बंद होती, तरी आत गार. खुर्ची टेबलाला चिकटवून ठेवलेली. भाच्याला त्या खुर्चीत बसवेना. उभ्यानेच त्याने पेन ड्राइव्ह लावला, सेव्हची बटणं दाबली. पडद्यावर चौकट आली.

"फाईलला नाव द्या," स्पीकर बोलला.

भाचा दचकला, मग हसला. त्यांचाच प्रोग्रॅम चालू होता. छान वाचत होता की! त्याने लिहिलं, शाळा.

"शाळा," स्पीकर म्हणाला.

आणि अक्षरं पुसली गेली. मागून पुढे. एकेक.

बटण अडकलं असेल. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं. मग त्याने हात उचलले... आणि कीबोर्डवरची बटणं आपली आपण खाली-वर होऊ लागली.

"हात," स्पीकर म्हणाला. सपाट आवाज. यंत्राचा.

"काढ."

भाचा वहिनीला हाक मारायला दाराकडे वळला.

तेवढ्यात वीज गेली.

यूपीएस टिटीट करू लागला. जुनी बॅटरी. फार तर तीन मिनिटं. खोलीत फक्त पडद्याचा उजेड. खुर्ची करकरली. कुणीतरी पुढे सरकून बसावं तशी.

"माझं," स्पीकर म्हणाला. "माझं. माझं. माझं."

"दादा... पोरांसाठी आहे रे ते. तुझंच आहे. मी फक्त..."

बटणं थांबली.

टिटीट... टिटीट...

"चोर."

भाच्याच्या मनगटावर गार काहीतरी बसलं. जड. त्याने दुसरा हात पुढे केला. पूर्ण नाव लिहायला वेळच नव्हता. एकच अक्षर. अ. पुसलं जायच्या आत त्याने एंटरवर बुक्की मारली.

चौकट मिटली.

पेन ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकून थांबला. भाच्याने तो उपसला. यूपीएस मेला. पडदा गेला. सगळं काळं.

स्पीकरची वायरही त्याच मेलेल्या यूपीएसला जोडलेली. तरी आवाज आला.

"बघतो तुला."

सकाळी दहाला प्रोग्रॅम शाळेत पोचला. उत्तम चालला. पोरं आपापली नावं टाइप करायची, स्पीकरमधून ऐकायची आणि खिदळायची. मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, "हे केलं कुणी?"

माझा भाचा मनाने फार चांगला हो. त्याने फाईल उघडली आणि सगळ्यात वरच्या ओळीत दोघांची नावं लिहिली. आधी दादाचं, मग आपलं. सेव्ह केलं. बंद करून पुन्हा उघडून बघितलं. होती.

त्याला वर्ष झालं. दर सकाळी तो ती ओळ पुन्हा लिहितो. सेव्ह करतो. दिवसभर नीट असते. रात्री मशीन बंद, वायर काढून बाजूला ठेवलेली.

उजाडलं की दादाचं नाव जागेवर असतं. त्यापुढे कोरी जागा. बरोबर माझ्या भाच्याच्या नावाएवढी.