पाच वीसची नोंद

केलास ना अलार्म बंद? बसल्या जागी? जुना फोटो चिकटवला, कारणात ‘सेन्सर खोटा’ लिहिलं आणि लागला बिस्किटं खायला. लपवू नकोस, माझे डोळे म्हातारे झालेत, फुटलेले नाहीत. ओत मलाही चहा, आणि तुम्ही दोघं इकडे स्टोव्हजवळ सरका. कबदेशचं सांगतो. आमच्या पाळीतला मेकॅनिक होता. आता रेल्वेत गेलाय, विचारून या हवं तर.

परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. सोळा जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी कामावर यायच्या आधी कबदेश जुन्या खाण वस्तीत आईकडे गेला होता. पिठाचं पोतं आणि रक्तदाबाच्या गोळ्या द्यायच्या होत्या. कुल्यानबाई एकटीच राहायची, तळमजल्यावर. वय पंचाहत्तर. ती म्हणाली, हीटर कोमट लागतोय रे. हा हसला. म्हणाला, आई, आज रात्री पाणी तापवणारा मीच आहे, तू खुशाल झोप.

ती वस्ती तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या या बॉयलरघरातून घरांच्या हीटरसाठी गरम पाण्याचा मोठा पाइप माळावरून जातो, वाटेत पंपघर, तिथून पुढे वस्ती. पंपघरात माणूस नसतो. पंप थांबला तर उणे अडतीसमध्ये वस्तीतले पाइप तासा-दोन तासांत फुटतात. मग घरातलं म्हातारं माणूस सकाळ बघेल याची खात्री नाही.

पूर्वी आम्ही पाळी लावून पंपघरात बसायचो. मग हा संगणक आला. पंप थरथरला की इथं पडद्यावर लाल दिवा लागतो. आपण तिथं जायचं, बघायचं, आणि काय मोडलं, कधी मोडलं, कशानं मोडलं ते नोंदीत लिहायचं. सोबत पंपावरच्या पाटीचा फोटो. त्याशिवाय दिवा विझत नाही. यावर मी एक तोड काढली. उन्हाळ्यात एकदाच जाऊन सगळ्या पाट्यांचे तीस-चाळीस फोटो काढून ठेवायचे आणि हिवाळाभर पुरवायचे. मीच काढली. कबदेशलाही मीच शिकवली. मोठा शहाणा ना मी. त्या हिवाळ्यात दोन नंबरच्या पंपाचा अलार्म चाळीस वेळा आला असेल आणि चाळीसही वेळा आम्ही ‘सेन्सर खोटा’ लिहिलं. वरच्या साहेबांनी नोंदी वाचल्या. पंप ठणठणीत आहे म्हणाले आणि नव्या बेअरिंगची मागणी रद्द केली. त्यांचं तरी काय चुकलं?

तर त्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी अलार्म आला. दोन नंबर. बाहेर हिमवादळ, हात लांब केला तर हात दिसेना. कबदेशनं फोटो लावला, बंद केला. एक वीसला परत आला. परत बंद केला. दीड वाजता तिसऱ्यांदा आला. तो नोंद लिहायला गेला तर नोंद आधीच भरलेली.

‘पंप दोन. बेअरिंग फुटले. वेळ दोन चाळीस.’

घड्याळात तर दीडच वाजला होता.

त्यानं मला फोन केला. मी गाढ झोपेत. वयानं मोठा म्हणून मला आगा म्हणायचा. म्हणाला, “आगा, घरून नोंदी तुम्ही भरताय का? गंमत करताय ना?”

मी म्हणालो, “मला संगणक चालू करता येत नाही नीट, गंमत कसली करतो? खोडून टाक आणि पड जरा.”

“खोडली. परत आलीय. आणि खाली दुसरी पण आहे. ‘वस्तीचा पाइप फुटला. तीन पंचावन्न.’ आणि आगा... तिसरी...”

“काय आहे तिसरीत?”

  त्यानं वाचलं, हळूहळू, पहिलीतल्या पोरानं वाचावं तसं.

“यंत्राचं नाव, कुल्यान. जागा, तळमजला, घर तीन. बनावटीचं वर्ष एकोणीसशे अठ्ठेचाळीस. बंद पडण्याची वेळ, पाच वीस. कारण... थंडी.”

फोन कटला. मी परत लावला. नाही उचलला. त्याच्या आईला लावून बघावं तर वस्तीतल्या फोनच्या तारा वादळानं संध्याकाळीच पाडल्या होत्या. मी उठून बसलो, दिवा लावला. घराबाहेर पडायचं धैर्य मला झालं नाही, पोरांनो. खरं तेच सांगतो. भीती वाटली.

कबदेश निघाला. पाइपावर हात ठेवून चालत राहिला, कारण हात सोडला की माणूस माळावर हरवतो. दीड किलोमीटरला एक तास लागला. पंपघरात पोहोचला तेव्हा दोन छत्तीस. दोन नंबर किंचाळत होता. बेअरिंग लाल झालेलं. त्यानं तो बंद केला, राखीव पंपाची झडप गोठलेली, ती घणानं ठोकून फिरवली. पंप सुरू झाला. पाणी पुढे गेलं.

मग तिथंच खाली बसून त्यानं फोनवर खरी नोंद लिहिली. त्या हिवाळ्यातली पहिली खरी नोंद. बेअरिंग झिजले. कारण... इथं त्याचं बोट थांबलं. मग लिहिलं, ‘चाळीस वेळा बोलावले, कुणी आले नाही.’

पाठवली. पहिली नोंद पुसली गेली. दुसरीही.

तिसरी तशीच.

पाच वीस.

तो उठला आणि वस्तीकडे निघाला. दोन किलोमीटर, समोरून वारा. दोनदा पडला. एक हातमोजा गेला. मनात एकच... पाच वीस... पाच वीस.

दारावर पोहोचला तेव्हा पाच दहा.

दार वाजवलं.

काही नाही.

परत वाजवलं.

पावलं. सावकाश. कडी निघाली. आई.

जिवंत, शाल गुंडाळलेली. घरातून उबदार हवा तोंडावर आली आणि कबदेश उंबऱ्यावरच रडायला लागला. ती म्हणाली, “अरे, आता तू कशाला आलास एवढ्या वादळात? तुमचा माणूस आलाय की.”

“कोण माणूस?”

“कधीचा बसलाय. हीटरला हात लावून बघितला. माझं नाव विचारलं, जन्मसाल विचारलं, लिहून घेतलं. म्हटलं बाबा दमलास, चहा घे. म्हटलं आता जा घरी. तर म्हणाला, थांबतो. पाच वीसपर्यंत.”



“आता... कुठंय?”

“आत. तू दार वाजवलंस तेव्हा माझ्यासमोर बसला होता.”

आत एकच खोली. खिडकीच्या फटी हिवाळ्यासाठी कागद चिकटवून बंद केलेल्या. कागद शाबूत. दार एकच, त्यात हा उभा.

खोलीत कुणी नव्हतं.

त्यानं आईला पलंगावर बसवलं. तिचे दोन्ही हात हातात धरले. समोर भिंतीवर घड्याळ.

पाच अठरा.

पाच एकोणीस.

...

पाच वीस.

आई म्हणाली, “हात किती गार पडलेत रे तुझे.”

पाच एकवीस.

फोन बघितला. तिसरी नोंद नव्हती.

कुल्यानबाई आज सत्त्याहत्तरची आहे, शेजारणींशी अजून कडाकडा भांडते. तो कोण होता, माहीत नाही. का थांबला होता ते विचारू नका, आणि का गेला तेही विचारू नका.

फक्त त्याच्यासाठी ओतलेला चहा तसाच होता. दुधाचा चहा, वाटीभर, हीटरवरच ठेवलेला. आई वाटी धुवायला उचलायला गेली तर आतला चहा गोठून दगड झालेला. हीटर तर असा तापलेला की हात ठेववत नव्हता. तिला वाटलं, वितळेल, राहू दे.

मागच्या जुलैत मी तिच्याकडे गेलो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, चाळीसला टेकलेलं. वाटी खिडकीत, उन्हात ठेवलेली. मला कबदेशचं खरं वाटत नव्हतं ना, म्हणून त्या चहाला बोट लावलं.

गारठ्यानं बोट चिकटलं. सोडवताना कातडी तिथंच राहिली.