रुद्रमाळची उतरण

गिरणेच्या खोऱ्यावर धुके पसरले होते, आणि त्या धुक्यातून रुद्रमाळ किल्ल्याचा माथा, तोफांनी फोडलेला त्याचा पश्चिमेचा बुरूज आणि बुरुजावर अजूनही फडकणारे निशाण, एवढेच काय ते वर आले होते. महिनाभर रोज उजाडण्यापूर्वीच धडधडणाऱ्या टोपीकरांच्या तोफा आज मुक्या होत्या, आणि त्या मुकेपणानेच गडावरच्या माणसांचा जीव कासावीस झाला होता. मारा चालू असता बुरुजाला टेकून खुशाल डोळा लावणारे शिपाई आता तटावर येरझारा घालीत होते, तलवारी म्यानातून उगाच काढून पुन्हा घालीत होते आणि खालच्या छावणीकडे बघत होते.

पुण्याची गादी मोडली होती. खानदेशातले किल्ले एकामागून एक खाली झाले होते. रुद्रमाळचे किल्लेदार सुभानराव निकम तेवढे हट्टाने झुंजत राहिले. पण गोळ्याने पाण्याच्या टाक्याचा कातळ तडकला, पाणी झिरपून गेले, आणि बायकापोरांचे सुकलेले ओठ पाहून त्यांनी तहाचा पांढरा शेला तटावर चढवला.

तहाची बोलणी करायला आदल्या दिवशी कप्तान मॅक्रे वर आला होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला हा उंच, अबोल माणूस दख्खनच्या छावण्यांत वावरून मोडकी मराठी बोलू लागला होता. गडावरच्या सर्वांनी हत्यारांसह बाहेर पडावे, आणि गडाची खरी ताकद असलेल्या पगारी अरब शिपायांना सुरतेपर्यंत सुखरूप पोहोचवून त्यांच्या देशाच्या गलबतावर बसवावे, असा करार ठरला. अरबांचा जमादार सालेह बिन औद तेवढ्याने मानला नव्हता.

"कागद राहू द्या, साहेब," तो म्हणाला होता. "कागदाला तोंड असते, काळीज नसते. माझ्या हातावर हात मारा."

आणि मॅक्रेने हातावर हात मारला होता.

उन्हे वर आली तसे गडाचे दप्तर सांभाळणारे सबनीस रंगो त्रिमळ चोरवाटेने वर आले. ते पहाटेपासून खाली छावणीत होते, हे फक्त सुभानरावांना ठाऊक होते. पालख्या आणि भोई मिळवण्यासाठी त्यांनीच सबनिसांना पाठवले होते. पण सबनीस आले ते भलताच निरोप घेऊन. सदरेचे दार लोटून ते सुभानरावांच्या कानाशी लागले.

"कर्नल पेंडल्टनसाहेबांनी खासगीत बोलावून सांगितले, सरकार. अभयाचा कौल आहे तो फक्त आपल्याला. आपण कुटुंबासह पुढे व्हावे, गाव इनाम कायम राहील. मात्र उतरणीच्या वळणावर आपली आणि अरबांची ताटातूट व्हावी. आमराईत दोन तोफा छर्रे भरून ठेवल्या आहेत."

"अरबांनाही कौल दिला त्याचे काय?"

"साहेबांचा पुतण्या बुरुजाच्या खिंडारात अरबांच्या हातून पडला. ते त्यांना शिपाई मानीतच नाहीत, लुटारू म्हणतात. आपण काही करायचे नाही, सरकार. फक्त मुकाट चालायचे."

सुभानरावांनी सबनिसांना हातानेच बाहेर जायला खुणावले. ते पंधरा वर्षे या अरबांच्या पहाऱ्यात झोपले होते. मागल्या पंधरवड्यात तोफगोळ्याच्या कपचीने मांडी फाटली, तेव्हा सालेहनेच त्यांना पाठीवर घेऊन खिंडारातून आत आणले होते. पण माजघरात त्यांची पत्नी सगुणाबाई आणि लेक होती, आणि रांजण कोरडे पडले होते.

थोड्या वेळाने सालेह मुजऱ्याला आला.

"माणसे तयार आहेत, सरकार. कूच कधी?"

"दोन प्रहरी."

सालेह जागचा हलला नाही. "सरकार आज माझ्याकडे बघत नाहीत."

"मांडी ठणकते आहे, जमादार."

"ती काल पण ठणकत होती," सालेह म्हणाला, आणि मुजरा करून निघून गेला.

सुभानराव काठी टेकीत माजघरात गेले, बसले, उठले, खिडकीशी गेले, पुन्हा बसले. सगुणाबाईंना त्यांनी सगळे सांगितले. त्यांनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"आम्ही पालखीत बसून वळण ओलांडू," त्या म्हणाल्या, "आणि मागे तोफा वाजतील. तो आवाज ऐकून उद्या स्वारींच्या घशाखाली पाणी उतरेल का? उतरणार असेल तर आमचे काही म्हणणे नाही."

दोन प्रहरी सदर भरली. किल्ल्या घ्यायला कप्तान मॅक्रे एकटाच वर आला होता. अरब दोन्ही बाजूंना उभे होते. सुभानरावांनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला, पण पुढे केला नाही.

"कप्तानसाहेब, किल्ल्या देण्याआधी एक गोष्ट भर सदरेत बोलायची आहे." आणि त्यांनी सबनिसांनी आणलेला निरोप शब्दन् शब्द सांगितला.

सबनीस खांबाआड सरकले. अरबांच्या कमरेचे जंबिये एकदम बाहेर निघाले. मॅक्रेचा गोरा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

सालेहने हात वर करून आपल्या माणसांना थोपवले. "साहेब, तुम्हाला माहीत होते?"

"नाही."

"आता माहीत झाले. आता काय करणार?"

मॅक्रेने कमरेची तलवार सोडून सालेहच्या पायाशी ठेवली. शब्द जुळवीत तो म्हणाला, "मी तुमच्या पुढे चालतो. तुमचा जंबिया माझ्या पाठीला. बंदूक वाजली, तर गोळी माझ्या छातीत, पाते माझ्या पाठीत. हात मी मारला आहे. कर्नलने नाही."

"आणि मी जमादाराच्या शेजारून चालतो," किल्ल्या मॅक्रेच्या हाती देत सुभानराव म्हणाले. "पालख्या आधी जाऊ द्या. आमराईतल्या तोफा डागायच्याच असतील, तर कौल दिलेला किल्लेदारही त्यांना मारावा लागेल."

पालख्या पुढे गेल्या, वळणापार झाल्या. मग हे तिघे निघाले आणि त्यांच्यामागून अरबांची तुकडी. ती उतरण काही फार लांब नव्हती, पण त्या दिवशी तिला अंत नव्हता. दुतर्फा लाल डगल्यांच्या रांगा उभ्या होत्या. आमराईच्या सावलीत तोफांची तोंडे आणि गोलंदाजांच्या हातांतल्या जळत्या बत्त्या दिसत होत्या. कर्नल पेंडल्टन घोड्यावर होता. त्याने हात वर उचलला आणि आपलाच कप्तान, उघड्या डोक्याने, थेट तोफेच्या तोंडाकडे चालत येताना पाहून तो हात तसाच अधांतरी राहिला.

तेवढ्यात रांगेतून एक बंदूक उडाली. कुणा घाबरलेल्या शिपायाचा चाप ओढला गेला, की कुणी तो जाणून ओढला, हे पुढे चौकशीतही ठरले नाही. सुभानराव बरगडी धरून गुडघ्यावर आले.

सालेहचा जंबिया मॅक्रेच्या पाठीत, डगला फाडून कातडीपर्यंत गेला. मागे अरब गर्जत होते. मॅक्रेने मान वळवली नाही. हात बाजूला ताठ धरून तो उभा राहिला.

सालेहने जंबियाची मूठ आवळली. एक रेटा पुरे होता. मग आमराईतल्या तोफा धडाडल्या असत्या आणि बरोबर आणलेल्या एकाही माणसाला घर दिसले नसते. खाली पडलेले सुभानराव त्याच्याकडे बघत होते. त्यांनी फक्त मान हलवली.

सालेहने जंबिया म्यान केला. मग मोठ्याने, छावणीला ऐकू जाईल असे म्हणाला, "कप्तानसाहेबांनी बोल पाळला आहे. किल्लेदारांना उचला. चला!"

आणि आपल्या मालकाला पुन्हा एकदा पाठीवर घेऊन तो तोफांसमोरून चालू लागला. कर्नलचा हात हळूहळू खाली आला. ते पाहून गोलंदाजांनी बत्त्या मातीत विझवल्या.

सुभानरावांनी नदीकाठी, सगुणाबाईंच्या मांडीवर, दिवस मावळताना प्राण सोडला. तेराव्यापर्यंत अरब सुरतेकडे हलले नाहीत. हत्यारबंद माणसे काठावर गप्प बसून राहिली आणि त्यांना उठवायचे धाडस कुणाला झाले नाही. मॅक्रेची चौकशी झाली. सगुणाबाई सुतकातच पडद्याआड येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझे कुंकू या साहेबाने पुसलेले नाही." तरीही हुकमाशिवाय शत्रूपुढे तलवार ठेवल्याबद्दल त्याचा हुद्दा काढून घेतला गेला. रंगो त्रिमळ नव्या अमलात मामलेदार झाले आणि सुखाने जगले.

पुष्कळ वर्षांनी सुरतेच्या एका अत्तरवाल्याने खबर आणली की सालेह जमादार आपल्या मुलखात, हद्रमौतेत, वारला. मॅक्रे त्याच्याही आधी आपल्या डोंगरात मेंढरे राखताना गेल्याचे कळले होते. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला, लेकीचा मुलगा निकमांच्या पितरांना पिंड देत असता, सगुणाबाईंनी आणखी दोन पिंड मांडायला सांगितले आणि नावे उच्चारली.

भटजी चपापले. "बाईसाहेब, एक मुसलमान, एक फिरंगी. परक्यांना देतात तो धर्मपिंड एक वेळ देता येईल, पण संकल्पात गोत्र काय म्हणू? गोत्र ठाऊक नसले की काश्यप म्हणतात..."

"ठाऊक नसायला काय झाले?" म्हाताऱ्या सगुणाबाई म्हणाल्या. "निकमांचे म्हणा."

भटजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, पळीत पाणी घेतले आणि तसे म्हटले.