समोरची खुर्ची

भंगारवाल्याच्या दुकानात एकाच टीव्हीवर एकाच वेळी दोन हात पडले. एक तिचा, एक त्याचा.

टीव्ही जुना, लाकडी पेटीचा, चार बुटक्या पायांचा. तिला हवी होती पेटी. ती फर्निचरला पॉलिश करायची, आणि या पेटीत पुस्तकं किती छान दिसतील हे तिच्या डोळ्यांसमोर उभंही राहिलं होतं. त्याला हवं होतं आतलं सगळं. तो आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा आणि रविवारी हौसेने जुने टीव्ही जिवंत करायचा.

"पुस्तकं?" त्याचा चेहराच पडला. "याच्यात तुम्ही पुस्तकं ठेवणार?"

"मग काय, याच्याकडे बघत बसू? बंद आहे तो."

"आज बंद आहे..."

भंगारवाला वैतागला. "एकाला पोट हवंय, एकीला अंग. मिळून न्या ना, माझं डोकं का खाताय?"

तसंच ठरलं. आतलं काम त्याचं, पेटीचं तिचं. चालू झाल्यावर टीव्ही कोणाच्या घरी राहायचा, हा विषय मात्र दोघांपैकी कोणीच काढला नाही.

मग दर रविवारी ती त्याच्या घरी जाऊ लागली. तो टीव्हीचं पोट घेऊन आतल्या खोलीत, ती रिकामी पेटी घेऊन व्हरांड्यात. पॉलिशचा वास घरात नको आणि त्याची धूळ पॉलिशवर नको, म्हणून ही वाटणी. दार उघडंच असायचं. तिला त्याची वाकलेली पाठ दिसायची, कानामागे खोचलेला स्क्रूड्रायव्हर दिसायचा, पाठीपलीकडचं मात्र काही नाही. मधेच तो चहाचे दोन कप घेऊन बाहेर यायचा आणि चहा संपला तरी आत जायचा नाही. त्या चहापायीच 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"चष्मेवाल्याला स्वतःला चष्मा नाही?" तिने एकदा विचारलं.

"माझी नजर चांगली आहे."

"दिसलं ते. मागच्या रविवारी पॉलिशच्या डब्यात पाय घातलास तेव्हा."

"तेव्हा मी डब्याकडे बघत नव्हतो..."

तिने मान खाली घातली आणि पुसून झालेला कोपरा पुन्हा पुसला.

सगळं असं गोडीगुलाबीने चाललेलं असताना नाटकवाली उगवली. तिच्या नाटकात रंगमंचावर चालू असलेला जुना टीव्ही हवा होता आणि तिच्या टीव्हीवर चित्रच येत नव्हतं. बाई उंच, देखणी, आवाज असा की शेवटच्या रांगेपर्यंत आपोआप जावा. ती आली ती थेट आतल्या खोलीत, टीव्हीसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. तो मागून स्क्रू फिरवतोय आणि ही समोरून सांगतेय.

"डावीकडे... अजून जरा... हं, थांब. आता सुरेख!"

सुरेख म्हणे. व्हरांड्यात आमच्या पॉलिशवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके रविवार ती येत होती, पण 'ये, समोर बस' असं तो एकदाही म्हणाला नव्हता. उलट एकदा तिने उंबऱ्यावर पाऊल ठेवलं तेव्हा घाईघाईने म्हणाला होता, "तू बाहेरच बस हं." आपण वास घेत बाहेर बसायचं आणि हिने राणीसारखं आत! आतून हसण्याचा आवाज आला. तिच्या हातातला पॉलिश पेपर जोरजोरात चालू लागला. पुन्हा हसणं आलं, पुन्हा पेपर चालला.

तिने खाली पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. पेटीच्या माथ्यावरचा लाकडाचा पातळ पापुद्रा घासून गेला होता आणि खालचं पांढरट लाकूड बशीएवढं उघडं पडलं होतं. डोकं ठिकाणावर नसताना पॉलिश पेपर हातात धरू नये, हे ती स्वतः दुसऱ्यांना शिकवायची. तिने त्यावर फडकं टाकलं आणि चहा न घेताच निघून गेली.

घरी ताई भाजी चिरत होती. "आज लवकर आलीस?"

"संपलं काम." मग थोड्या वेळाने, "ताई, नाटकातल्या बायकांना रविवारी तालीम नसते का गं?"

ताईने वर पाहिलं. "जरा गॅस बघ. काहीतरी जळतंय."

"गॅस बंद आहे."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाली आणि चिरत राहिली.

पुढचा रविवार तिने रागात काढला. त्यानंतरच्या रविवारी मात्र आपले ब्रश परत आणायचे आणि विषय संपवायचा, असं ठरवून ती भुरभुर पावसात निघाली. दार उघडंच होतं. तो टीव्हीच्या मागे वाकलेला. आणि समोरच्या खुर्चीवर... कोणीच नव्हतं. खुर्चीला टेकून एक मोठा आरसा उभा होता आणि त्यात टीव्हीवरची नाव पाण्यावर डुलत होती.

"कुठे गेली?" तिने विचारलं.

"कोण?"

"ती. समोरची."

"तिचा टीव्ही झाला, घेऊन गेली. त्या दिवशी आरसा उचलून तीच बसली होती. एरवी आरसाच असतो. मी मागे असताना पुढचं चित्र दिसणार कसं?"

"मग मला का नाही बसवलंस कधी? मी आरशापेक्षाही वाईट?" तिने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "मला तर तू दारातच अडवलंस."

त्याने मागून हात जपून बाहेर काढला. "आत विजेचा जोर फार असतो. हात मागे असताना लक्ष चित्रावरच हवं. ती बसली तेव्हा मी चित्र बघितलं. तू बसली असतीस तर..."

"तर काय?"

"पॉलिशच्या डब्यात पाय गेलाच होता ना. हात कुठे गेला असता, सांग."

ती खुदकन हसली आणि लगेच डोळे पुसले. "मी पेटी बिघडवली."

"त्याच दिवशी फडकं काढून बघितलं. तेव्हापासून विचार करतोय, हा राग माझ्यावर की तिच्यावर?"

"दोघांवर. नवा पापुद्रा लावून देते."

"नको. राहू दे तसाच." त्याने व्हरांड्यातल्या पेटीकडे पाहिलं. "माझ्यासाठी एवढं कोणी जळलं नव्हतं."

आरशातली नाव अजून डुलत होती. तिचं आता कुठे लक्ष गेलं. "हा... आपला टीव्ही? चालू झाला?"

"केव्हाच झालाय."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तो कोणाकडे राहायचा ते ठरवावं लागलं असतं. मग तू कशाला आली असतीस रविवारी?"

त्याने प्लग काढला. पुढे येऊन आरसा उचलला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि खुर्ची शर्टाच्या बाहीने पुसली. "बस."

"आता तर बंद केलास."

"म्हणूनच बस म्हणतोय."

ती बसली. बराच वेळ त्याने तिच्याकडे बघून घेतलं आणि तिने बघू दिलं.

"एकाच घरात राहील तो," शेवटी ती म्हणाली. "पण समोर खुर्च्या दोन हव्यात. तिसरी दिसली तर पॉलिश पेपर माझ्याकडे आहे."

तो दुसरी खुर्ची आणायला गेला.